भिकामास्तरांची भडगावची पत्रं

आमच्या गल्लीत कुत्रं भुंकलं तरी भिकामास्तर खिडकीतून विचारायचे, "कोणाचं?" बोका पळाला, "कोणाचा?" पोर रडलं, "कोणाचं?" एकदा रस्त्यात नुसता शेणाचा पो पडलेला. मास्तर त्याच्याकडे काठी रोखून उभे. "हा कोणाचा?" समोरचे रहीमभाई रंगारी हात पुसत म्हणाले, "मास्तर, जिनं टाकला ती सांगायला थांबली नाही हो!"

जळगावला एका इंग्रजी शाळेत मास्तरांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. पेन्शनीत निघाले तरी ते इंग्रजी काही अंगातून निघालं नव्हतं. जगातली प्रत्येक वस्तू कोणाची तरी असते, आणि ती कोणाची हे सांगता आलं नाही तर माणूस शिकला कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले तेव्हा मला जेमतेम मराठी चौथीपुरतं येत होतं. पुढचं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. त्या कागदांत कधी इंग्रजी निघायचं. मी परसातल्या बुटक्या भिंतीवरून विचारायची, "मास्तर, या अक्षराच्या डोक्यावर हे काय लोंबतंय?" मास्तरांचा चेहरा असा उजळायचा, जसा काही घरी पाव्हणा आला.

"ती शेंडी, सूनबाई. मालकाची शेंडी. ज्या नावाला ती आणि पुढे एस, पुढची वस्तू त्याची. रामाला शेंडी, पुढे छत्री, की छत्री रामाची."

"एवढंच?"

"एवढंच असतं तर मी म्हातारा झालो असतो का? समज, छत्री रामाची नाही. काल जो माणूस आला होता त्याची आहे. आता शेंडी कुठे बांधशील?"

मी डाळ निवडायची थांबले. आपल्याकडे सोपं असतं बघा. 'काल आलेल्या माणसाची छत्री', झालं. पण इंग्रजीत माणूस आधी येतो आणि 'जो काल आला' हे त्याच्या मागून. मास्तर त्याला पोटवाक्य म्हणायचे.

"माणसाला बांधते."

"मग छत्री पुढे निघून जाईल आणि पोटवाक्य छत्रीच्या गळ्यात पडेल. काल कोण आलं? छत्री आली!"

"मग शेवटी, 'काल'ला बांधते."

"छत्री कालची झाली! माणूस बिचारा पावसात!" मास्तर इतके कळवळायचे की तो माणूस भिंतीपलीकडे भिजत उभा आहे असं मला वाटायचं. "म्हणून मालक असं लटांबर घेऊन आला की शेंडी सोडून द्यायची. आधी छत्री लिहायची, मग 'ऑफ', मग मालक, मग त्याचं पोटवाक्य. सगळे आपापल्या जागी. कोणी उघड्यावर नाही."

अशा भिंतीवरच्या धड्यांतून मला अडखळत का होईना इंग्रजी वाचता येऊ लागलं. असे हे मास्तर. साऱ्या गावाला 'कोणाचं' विचारणारे. पण स्वतःच्या बायकोचा विषय निघाला की त्यांच्या तोंडून 'माझी' काही निघायचं नाही. त्यांचं कुटुंब, बायजाक्का, सात वर्षांपासून माहेरी, भडगावला. का गेल्या, कोणाला माहीत नव्हतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला मास्तर धुतलेलं धोतर नेसून पत्र टाकायला जायचे, आणि मग रोज टपालवाल्याला विचारायचे, "भडगावचं काही?" बायकोचं नाव नाही, नातं नाही. नुसतं भडगाव.

टपालवाला मान हलवायचा. मास्तर म्हणायचे, "येईल. भडगावाला कामं असतील."

तेव्हाचे पुरुष तसेच होते म्हणा. माझे सासरे आमच्या सासूबाईंना 'ऐकलं का' म्हणत गेले आणि तेवढ्यावर संसार संपवला. पण मास्तर टपालवाल्याच्या पाठमोऱ्या पिशवीकडे बघत राहायचे ना, तेव्हा माझी भाकरी तव्यावर करपायची.

एका हिवाळ्यात सासूबाईंबरोबर मला भडगावला बारशाला जायचं होतं. मास्तर भिंतीशी आले. मला वाटलं काही निरोप देतील. म्हणाले, "गिरणेला पाणी आहे का, बघून ये."

पाचोऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. बारसं आटोपलं आणि मी दुपारी विचारत विचारत बायजाक्कांच्या भावाच्या घरी गेले. भाऊ शेतावर होता. अक्का ओट्यावर कापसातल्या सरक्या काढत बसलेल्या. काळ्यासावळ्या, ताठ. मी सांगितलं, मास्तरांच्या शेजारची. त्यांचे हात थांबले.

"कोरटमा बलावणं शे का माले?"

"कोर्टात? का बरं?"

त्या आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. डब्यात मास्तरांची पत्रं, एकावर एक. फोडलेली दोनचार, बाकीची तशीच. "कोरटना कागद शेतस ना ह्या? भाऊनी सांगं, इंग्रजी म्हंजे कोरट. कोनले दखाडू नको, अंगठा देऊ नको."

मी एक कागद उचलला आणि मला हसावं का रडावं कळेना. अहो, ज्या बाईला अहिराणीपलीकडे काही येत नाही, तिला या माणसानं सात वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली होती!

"अक्का, हे तुमच्यासाठी लिहिलंय. वाचू?"

"वाच, व माय."

पहिलाच शब्द वाचला आणि कोडं सुटलं. मराठीत जे या माणसाच्या जिभेवर यायला लाजत होतं, ते इंग्रजीत पहिल्याच ओळीत होतं. ते 'माझी' मी अक्कांच्या बोलीत सांगितलं, "मनी बायको."

अक्का कागदाकडे बघत राहिल्या. "'मनी' लिखेल शे?"

"हो. इथे. आणि इथे. आणि हे बघा, इथेही."

मग मी वाचत गेले, अडखळत, जमेल तसं. 'पाटा, जो माझ्या बायकोचा आहे, कोरडा पडला आहे.' 'माझी बायको, जी भरतात मिरची कुटून घालत असे, ती गेल्यापासून मी वांगं भाजलं नाही.' 'ज्या खिळ्यावर माझी बायको चाळण अडकवत असे, त्या खिळ्यावर मी काही अडकवलेलं नाही.' घरातली एकेक वस्तू, आणि प्रत्येक वस्तू तिची.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मग हळू आवाजात मला सांगितलं, का आल्या ते. शाळेचे इन्स्पेक्टर घरी चहाला आले होते. अक्का दाराशी दिसल्या. साहेबांनी विचारलं, या कोण? मास्तर लाजून म्हणाले, "कोणी नाही, घरचंच माणूस."

"घरमा इतलं राबीसन मी कोनी नही?" अक्का म्हणाल्या. "दुसरा दिन मी निंघी उनू."

खाली कापूस, वर उन्हं, आणि आम्ही दोघी. डबा संपत आला. अक्कांनी विचारलं, "बठ्ठं वाचं. माले बलायेल शे का त्यामा?"

मी पुन्हा सगळं चाळलं. शेवटच्या पत्रापर्यंत. पाटा होता, खिळा होता, वांगं होतं. 'ये' कुठेच नव्हतं. सात वर्षांत त्या माणसाला तेवढं लिहायला झालं नव्हतं.

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आहे," मी म्हणाले. "शेवटच्या पत्रात. खाली. ये म्हणून लिहिलंय."

खोटं कशाला सांगू, आयुष्यात मी पुष्कळ वाचलं, पण नसलेलं असं तेवढंच वाचलं.

चौथ्या दिवशी अक्का जळगावला आल्या, बरोबर भाऊ आणि डबा. मास्तरांनी दार उघडलं आणि उघडंच ठेवून आतबाहेर करत राहिले. सबंध सकाळ नुसती भांडी वाजत होती. दुपारी मास्तर भिंतीशी आले. हातात शेवटचं पत्र. चेहरा परीक्षेतल्या पोरासारखा.

"सूनबाई, ती म्हणते, 'ये' कुठे लिहिलंय ते दाखवा. मी तीनदा वाचलं. यात ते नाही."

"नाही, मास्तर."

"मग तू..."

मी मान खाली घातली. आता बोलणी बसणार, असं धरूनच चालले. मास्तरांनी भिंतीवर कागद पसरला, कोपरानं दाबला.

"पेन्सिल आहे?"

मी हिशेबाच्या वहीतली दिली. त्यांनी आपल्या सहीखाली, मराठीत, एकच अक्षर काढलं. त्याची मात्रा जरा तिरकीच गेली. कागद उन्हात धरून दोनदा बघितला. मग घडी न घालताच, दोन्ही हातांत धरून, ते आत तिला दाखवायला गेले.