टेलिफोन आपलाच समजा

मिर्झा वहाब सकाळपासून टेलिफोनपाशी बसून होते, पण टेलिफोन काही त्यांच्या हाती लागत नव्हता. तो होता शेजारच्या हाजी यदुल्लांच्या हातात, आणि हाजी आपल्या दुकानातल्या मुनिमाला तंबाखूच्या ओल्या पोत्यांवरून झापत होते. हाजींचा आवाज असा दणदणीत की टेलिफोन नसता तरी मुनिमाला बाजारात ऐकू गेला असता.

चूक मिर्झांचीच होती. इराणातल्या या कझवीन गावात कुणी तुमच्या टोपीचं कौतुक केलं तर 'घ्या, ही आपलीच' म्हणायचं असतं, आणि समोरच्यानं 'छे छे, आपल्यालाच शोभते' म्हणत ती परत तुमच्या डोक्यावर ठेवायची असते. टेलिफोन बसला त्या दिवशी गल्लीतले सगळे बघायला आले. मिर्झांनी रीतीप्रमाणे प्रत्येकाला म्हटलं, "आपलाच समजा." सगळे रीतीप्रमाणे "छे छे" म्हणाले. एकटे हाजी म्हणाले, "फार उपकार झाले!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी आटोपून हजर झाले. माणूस मनानं सरळ. आपण दिलेला शब्द आता कुठल्या तोंडानं परत घ्यायचा, हे मिर्झांना काही केल्या सुचेना.

त्यातून यंत्राखाली कंपनीनं लाल अक्षरांत नियम डकवलेला होता: वर्षाचा आकार एका घरापुरता आहे. ग्राहक, त्याचं कुटुंब आणि घरचे नोकर यांच्याखेरीज कुणीही यंत्र वापरल्यास तार तोडण्यात येईल. हाजी बोलत असताना मिर्झा त्या पाटीला पाठ लावून बसत, म्हणजे हाजींनी ती वाचून लाजू नये.

आज मात्र मिर्झांचा जीव टांगणीला लागला होता. थोरली लेक फख्री तेहरानला बाळंत व्हायची होती. जावई मंसूरनं कळवलं होतं, की काही झालं की लगेच तिथल्या एक्स्चेंजमध्ये जाऊन फोन जोडून घेतो. आतल्या खोलीत पडद्यामागे मिर्झांच्या पत्नी तलअत खानूम माळ ओढत बसल्या होत्या आणि दर जपाला एकदा विचारत होत्या, "गेला का हो तो तंबाखूवाला?"

"हळू बोल. ऐकू जाईल."

"जाऊ दे! त्याचा आख्ख्या गल्लीला ऐकू जातोच आहे की."

तेवढ्यात दाराची कडी वाजली. नोकर रोटी आणायला गेला होता, म्हणून मिर्झा स्वतःच उठले. थंडी मरणाची होती. अंगावर घरातला विटका झगा, पायांत बायकोच्या सपाता, अशा थाटात त्यांनी दार उघडलं. समोर इस्त्रीच्या कोटातला एक तरुण उभा होता.

"मालकांना सांग, टेलिफोन कंपनीचे तपासनीस समीई आलेत. तेवीस नंबरवरून परके लोक बोलतात अशी तक्रार आहे."

'मालक मीच' हे शब्द मिर्झांच्या ओठांवर आले, आणि त्याच क्षणी आतून हाजी गरजले, "गाढवा, पोती उन्हात टाक!" मालक जर दारात असेल, तर मग आत कोण बोलतंय? समीई मिर्झांना बाजूला सारून आत शिरले.

आत खोलीच्या वरच्या अंगाला, मानाच्या गादीवर, पायांवर रजई घेऊन, भरघोस दाढीचे हाजी टेलिफोन कानाला लावून बसले होते. याहून मालकासारखा मालक कुठे मिळणार? समीईंनी लवून सलाम केला, तसा हाजींनी फोन खाली ठेवला.

"आपणच मिर्झा वहाब ना?"

हाजींनी मिर्झांकडे पाहिलं. मिर्झांनी पाटीकडे पाहिलं. हाजींनी जन्मात पहिल्यांदा ती पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हो... म्हणजे... मीच," ते म्हणाले.

"आणि हा कोण?"

"हा... हे... आमचे..." हाजी म्हणाले.

"नोकर," मिर्झा म्हणाले. म्हणाले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं बाजारात मान ताठ ठेवून काढलेला माणूस, पण तार तुटली तर लेकीची खबर कुठून कळणार?

"मग उभा काय राहिलायस? चहा आण!" समीई म्हणाले.

मिर्झांनी चहा आणला. हाजी अर्धे उठून तबक घ्यायला धावले. "अहो, तुम्ही कशाला, द्या इकडे..."

समीईंनी भुवया उंचावल्या. "नोकराला अहो-जाहो? फार लाडावून ठेवलंय आपण याला. आणि चहा गार आहे."

"चुकलं, साहेब," मिर्झा पुटपुटले.

"गारच छान लागतो!" असं म्हणून हाजींनी खरं तर कढतच असलेला स्वतःचा चहा एका घोटात पिऊन टाकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहानं आलं की लाजेनं, ते त्यांनाच ठाऊक. समीई मात्र दोघांनाही सोडायला तयार नव्हते. मालकांना नोकर कसे ठेवावेत हे सांगून झालं, मग नोकराला झगा धुवावा कसा हे सांगून झालं. मिर्झा मान खाली घालून "हो साहेब, हो साहेब" करत होते. भिंतीतून आत जाता आलं असतं तर गेले असते.

आणि टेलिफोन वाजला. लांबलचक, परगावचा.

मिर्झांनी झडप घातली.

"ए!" समीई ओरडले. "मालक समोर बसलेत आणि तू फोनला हात लावतोस?"

मिर्झांनी हात मागे घेतला. हाजींनी फोन उचलला. "अलो! कोण, मंसूरजान? हो, हो, मीच. तब्येत कशी आहे? वडील बरे? आई? काका? तेहरानला बर्फ पडलं का?"

मिर्झा खाणाखुणा करू लागले. परगावच्या बोलण्याला तीन मिनिटं, मग तार आपोआप तुटते, आणि पुन्हा नंबर लागायला उद्या उजाडतो. पण हाजी रीत सोडायला तयार नव्हते. आजीच्या संधिवाताची चौकशी झाली तेव्हा कुठे ते किंचाळले, "काय? सुटली? दोघंही सुखरूप? अल्लाची मेहेर!"

पडदा फाडल्यासारखा बाजूला झाला. तलअत खानूम माळ फेकून धावत आल्या आणि सरळ नोकराच्या गळ्यात पडल्या. "माझी फख्री सुटली हो!" म्हणत त्यांनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

भल्या घरचा तरुण समीई, त्यानं झटकन भिंतीकडे तोंड केलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मालक," तो भिंतीला म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. पण आपल्या घरात..."

आता मात्र मिर्झांना गप्प राहवेना. स्वतःची अब्रू गेली ती गेली, बायकोची कशी जाऊ द्यायची?

"साहेब, ही माझी बायको."

"तुझी?"

"आणि टेलिफोनही माझा. मिर्झा वहाब मी. हे शेजारी, हाजी यदुल्ला. यांचा काही दोष नाही. मीच म्हटलं होतं, आपलाच समजा. तोडा तार."

समीई सावकाश वळला. बापाच्या वयाच्या, बाजारातल्या नामवंत माणसाला आपण काय काय बोललो, ते त्याला एकेक आठवत असावं. "म्हणजे मी आपल्याला... चहा... तो झगा..." तो म्हणाला आणि त्याला घाम फुटला.

"नाही नाही, झगा मळलेलाच आहे," मिर्झा म्हणाले.

"छे छे, उत्तम झगा आहे!"

"अलो? अलो?" फोनमधून बारीक आवाज येत होता. समीईनं धावत जाऊन हाजींच्या हातून फोन घेतला आणि दोन्ही हातांनी मिर्झांपुढे धरला. "बोला, आधी बोला!"

मिर्झांनी फोन कानाला लावला. "मंसूरजान," ते म्हणाले, "वडिलांची तब्येत कशी आहे?" आणि तार तुटली.

"मुलगा की मुलगी?" तलअत खानूमनी विचारलं.

मिर्झांनी हाजींकडे पाहिलं. हाजींनी खाली मान घातली. "आजीपर्यंत आलोच होतो, खानूम. एकदम मुलगा की मुलगी विचारणं बरं दिसतं का?"

"तीन पुरुष आणि एक टेलिफोन!" तलअत खानूम कडाडल्या. "एवढा आकार भरून तुम्ही तेहरानचं बर्फ विचारलंत!" आणि ओढणीत तोंड लपवून रडू लागल्या. तिघांनाही कुठे बघावं कळेना.

समीईनं घड्याळ काढून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. "तीन मिनिटं पुरी झाली नव्हती! आधी तुटली तर उरलेला वेळ परत जोडून द्यायचा, असा नियम आहे." त्यानं फोन उचलून एक्स्चेंजला तसं ठणकावलं.

पलीकडच्या माणसानं काहीतरी विचारलं. समीईचा चेहरा पडला. तेवीस नंबरवर सध्या तपासणी चालू, तेव्हा तिथून फोन जोडून मागणारा कोण ते विचारल्याशिवाय कुणाला जोडू नका, हा हुकूम सकाळी त्यानंच सोडला होता. घरचा माणूस तो नव्हता. आणि तपासनीस म्हणून नाव सांगावं, तर मग तार तोडायची की नाही, तो निकालही सांगावा लागला असता.

त्यानं एकवार मिर्झांकडे पाहिलं, एकवार रडणाऱ्या खानूमकडे. मग आवाज बारीक केला.

"मी? मी... इथला नोकर."

पलीकडून पुन्हा काही विचारलं गेलं.

"नियम? मालकांनी शिकवलेत. जोडा लवकर."

बराच वेळ तो कानाला फोन लावून उभा राहिला. मग ओरडला, "मंसूरखान, वडील, आई, काका सगळे राहू द्या! मुलगा की मुलगी, तेवढं बोला!" ऐकून त्यानं फोन हळूच ठेवला, मिर्झांसमोर आला आणि हात बांधून, मान खाली घालून उभा राहिला.

"मालक," तो म्हणाला, "मुलगी आहे."