जुंपून बघितलेला गेम

"या आखाजीला पोरं परत जायचं नाव काढणार नाहीत, अशी सोय करून ठेवतो," असं सोमनाथ आप्पांनी बायकोच्या, उज्ज्वलाबाईंच्या फोटोला सांगितलं आणि चपला घालून ते कॉलेज रोडला निघाले.

फोटोला सांगून निघायची सवय नवीन होती. बाई स्वयंपाकघरात असायच्या तेव्हा आप्पा न सांगताच निघत, आणि जिन्यात पोहोचले की मागून आवाज येई, "कुठं?" आता विचारणारं कुणी नाही म्हटल्यावर सांगितल्याशिवाय पाय निघत नव्हता.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आप्पा मूळचे सटाण्याकडचे. तिकडे या सणाला लेकी माहेरी येतात, आणि घरातून गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. यंदा ही दोन्ही कामं एकट्या लेकीकडे, मोहिनीकडे आली होती. तिचा पुण्याहून फोन आला तो असा:

"आप्पा, एकच रात्र राहू. घागर भरली की निघू."

"सुट्टी आहे ना पोरांना?"

"आहे. पण दिवाळीत बघितलंत ना? एका मोबाईलवरून सृष्टीनं धनूचा कान ओढला, धनूनं तिला चावलं. इथं त्यांना करमत नाही. आणि आई..."

  आप्पांनी एवढंच ताडलं, की पोरांचं भांडण मिटलं तर लेकीचा मुक्काम वाढेल. आणि मुक्काम वाढला नाही, तर या घराचं माहेरपण बाईंबरोबरच गेलं असं समजायचं.

दुकानात काउंटरवरच्या मुलीनं आधी बंदुकांचा गेम दाखवला, मग गाड्यांचा, मग कुस्तीचा.

"यात कोण जिंकतं?" आप्पांनी विचारलं.

"जो चांगला खेळेल तो, काका."

"आणि दुसरा?"

"तो हरतो."

"मग नको. दुसरा चावतो. दोघं जिंकतील नाहीतर दोघं हरतील, असं काही दाखव."

"म्हणजे को-ऑप पाहिजे तुम्हाला. सहकारी."

आप्पा चपापले. उभ्या आयुष्यात त्यांनी सहकारी कारखाना पाहिला होता, सहकारी बँक पाहिली होती, आणि गेली वीस वर्षं ते सहकारी गृहनिर्माण सोसायटीत राहत होते. शांतता त्यांना यातल्या एकाही ठिकाणी दिसली नव्हती.

मुलीनं समजावलं. खोक्यावर वय लिहिलेलं असतं, ते पोरांच्या वयाशी जुळवून बघायचं. इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांशी खेळायचा गेम लहानांना द्यायचा नाही. एकाच सोफ्यावर बसून सगळ्यांनी खेळायचा घ्यायचा. असा एक तिच्याकडे होता. पडद्यावर हॉटेलचं स्वयंपाकघर. एकानं चिरायचं, एकानं शिजवायचं, ताटं धुवायची, गिऱ्हाईक उठून जायच्या आत वाढायचं. एक थांबला की सगळं करपतं.

"याची गॅरंटी काय?" आप्पा म्हणाले.

"वर्षभराची वॉरंटी आहे."

"यंत्राची नाही गं. भांडण होणार नाही याची."

ती गॅरंटी तिनं दिली नाही. तेव्हा ती आपणच तपासायची, असं ठरवून आप्पा कन्सोल, दोन रिमोट आणि तो गेम घेऊन घरी आले.

आप्पांचे वडील बैल कधी नुसते दात बघून घेत नसत. जोडी औताला जुंपायची, दोन वेढे मारायचे, मग व्यवहार. एक बैल तापट असेल तर दुसराही मुद्दाम तापट निवडायचा. औत सरळ चाललं, तर कुठंही चालेल. गेमलाही हाच कायदा लावायचा आप्पांनी ठरवलं. तापट जोडी त्यांच्या जिन्यातच होती.

वरच्या मजल्यावर नवनाथ खैरनार, पूर्वीचे कांदा बागायतदार. त्यांच्या खालच्या घरात धम्मपाल साळवे, गणिताचे निवृत्त मास्तर. खैरनारांच्या बाथरूमचं पाणी साळवे मास्तरांच्या छतातून ठिबकायचं. त्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. लिहिणं मात्र जोरात होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मास्तरांचा 'काही सभासद' अशी सुरुवात असलेला मेसेज आला, की खैरनार लगेच 'काही शहाणे' असं लिहीत.

आप्पांनी दोघांनाही चहाला बोलावलं. दुसरा येणार आहे हे एकालाही सांगितलं नाही. दोघं समोरासमोर आले, तेव्हा चहा कपात ओतून झाला होता. चहा टाकून उठण्याइतकं वैर नाशकात अजून कुणी धरलेलं नाही.

"पोरांसाठी घेतलंय," आप्पा दोघांच्या हातात रिमोट देत म्हणाले. "चालतंय का तेवढं बघा."

दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मधल्या जागेत एक घागर मावली असती. पडद्यावर दोन जाडे आचारी आले. मास्तरांचा आचारी भिंतीला धडकत राहिला. खैरनारांच्या आचाऱ्यानं कांदा हातात घेतला आणि तो तसाच उभा राहिला.

"असा कांदा चिरतात का कुठं?" खैरनार म्हणाले. "देठाकडून धरलाय."

तेवढ्यात पातेल्याला आग लागली. गिऱ्हाईक उठून गेलं.

"आप्पा," मास्तर समोर बघतच म्हणाले, "त्यांना सांगा, आधी आग विझवा."

"आप्पा, त्यांना म्हणावं, पहिल्यांदा ताटं धुवा. कधीची साचलीत."

आप्पा निरोप पोहोचवत राहिले. पण निरोप पोहोचेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक उठलं, मग तिसरं. मास्तरांना आयुष्यात शून्य गुण द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. शेवटी ते थेट बोलले.

"अहो खैरनार, ताट! ताट इकडे द्या!"

"घ्या की मास्तर, कधीचा धरून उभाय."

तिसऱ्या चहापर्यंत दोघं सोफ्याच्या मधोमध आले होते.

"तुमच्या त्या बाथरूमचं..." मास्तर म्हणाले.

"सोमवारी प्लंबर बोलावतो. आधी तो रस्सा उतरवा, करपेल."

आप्पांनी फोटोकडे पाहिलं. औत सरळ चाललं होतं.

फक्त एक गोष्ट वडिलांनी सांगितली नव्हती. जुंपून बघितलेली जोडी सोडायचीही असते. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दोघं दारात.

"काल चौथं हॉटेल अर्धवट राहिलं," मास्तर म्हणाले.

मग रोज. खैरनार येताना शेंगदाणे आणू लागले. मास्तरांनी कुणी कोणत्या कोपऱ्यात उभं राहायचं याचा तक्ता करून टीव्हीखाली चिकटवला. सोमवारी प्लंबर आला, तेव्हा खैरनार वर जाईनात; मास्तरांनीच आप्पांना सांगितलं, "ठिबकू द्या थोडं, लेव्हल संपतेय." आखाजीच्या आदल्या दिवशी आप्पा हळूच म्हणाले, "उद्या पोरं येणार आहेत." दोघांनी माना डोलावल्या. नजर पडद्यावरच होती.

मोहिनी आली. तिनं दारातूनच ऐकलं: "मास्तर, टोमॅटो!" आत दोन म्हातारे बनियनवर बसले होते आणि तिचे वडील त्यांना चहा देत होते.

"आप्पा, हे काय?"

"तुझ्या पोरांसाठी घेतलंय."

सृष्टी आणि धनू सोफ्यामागे उभे राहिले. "आजोबा, आमचा नंबर?"

"एवढं हॉटेल झालं की लगेच, बेटा," खैरनार म्हणाले. हॉटेल झालं. त्यांनी पुढचं उघडलं.

 पोरं चिडली की मोहिनी संध्याकाळीच बॅग भरणार. आप्पांनी दोन्ही पोरांना ओढत स्वयंपाकघरात नेलं. तिथं रसाचे आंबे पाण्यात पडले होते.

"चला. एकानं आंबा मऊ करायचा, एकानं पिळायचा, मी कोयी काढतो."

धनू खिडकीपाशी उभा राहून आंबा चोळू लागला. बाईंची ती जागा वर्षभर कुणी घेतली नव्हती. मोहिनीनं सांजोऱ्या तळायचा झारा खाली ठेवला. मग पदर खोचून म्हणाली, "धनू, हळू. देठाकडून दाब. आजी तसं करायची."

"आंबा दे, आंबा दे," सृष्टी ओरडली. "गिऱ्हाईक उठून जाईल!"

"तू ताट धू आधी!"

रस थोडा भांड्यात पडला, बराच भिंतीवर उडाला. कान कुणी ओढला नाही. घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आणि बाईंच्या नावानं पहिला घास ठेवून सगळे जेवले, दोघे शेजारीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मोहिनीनं बॅग काढली. पोरं हलेनात.

"आमचा नंबर लागलाच नाही. कसं जायचं?"

नंबर लागेपर्यंत आठवडा गेला. तेवढ्या दिवसांत तीन वेळा रस झाला आणि भिंत दोनदा पुसली गेली. निघताना आप्पांनी कन्सोल खोक्यात भरून धनूच्या हातात दिला. साळवे मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. खैरनार उगाच जिन्याकडे बघत राहिले.

धनूनं सृष्टीकडे पाहिलं आणि खोकं परत दिलं. "इथंच राहू दे, आजोबा. दिवाळीत येतोच ना आपण, आई?"

"येतो," मोहिनी म्हणाली. "भिंतीला रंग द्यायला लागेल तुमच्या."

गाडी वळेपर्यंत आप्पा गॅलरीत उभे होते. मग आत येऊन फोटोसमोर थांबले. बरंच सांगायचं होतं. "बघितलंस?" एवढं म्हणाले, तोच बेल वाजली.

दारात दोघं. शेंगदाणे घेऊन.

"गेली का पोरं?" मास्तर चपला काढत म्हणाले. "सरका जरा, आप्पा. आणि चहा ठेवा."

आप्पांनी चहा ठेवला. रिमोट एकदा तरी आपल्या हातात यावा असं त्यांना फार वाटत होतं, पण त्यांचा नंबर धनूच्याही मागे होता.