नऊशे घोड्यांचा पंप

व्हर्लिन राडमाकरला खरं तर एक पंपच हवा होता. ट्रकच्या टाकीतलं डिझेल उचलून इंजिनाला पोचवणारा, बास. मागच्या हिवाळ्यात त्यानं इंजिनावर मोठा टर्बो चढवला होता. (बायकोला, जोलीनला, सांगितलं, "जरा साफसफाई करतोय." साफसफाई तीन महिने चालली.) तेव्हापासून इंजिनाची भूक दुप्पट झाली आणि वाढपी मात्र तोच राहिला, जुना, कंपनीचा, हात आखडून वाढणारा. मागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून तळ्यावर निघालं की चर्चमागच्या चढावर ट्रक अर्ध्यात खोकायचा, धापा टाकायचा, आणि शेजारच्या सीटवरून जोलीन अगदी प्रेमानं विचारायची, "उतरून ढकलू का रे?"

नवऱ्यानं एका उन्हाळ्यात हे किती वेळा ऐकायचं? व्हर्लिन उठला आणि गेल अटरबॅकच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला.

शनिवारी गेला, हे चुकलंच. शनिवारी गेल कॉफी फुकट देते, त्यामुळे टिल्मन काउंटीतले निम्मे पुरुष तिच्या काउंटरला टेकून उभे असतात. व्हर्लिनच्या पुढेच कर्ट, म्हणजे जोलीनचा धाकटा भाऊ. तोही पंपच घ्यायला आलेला.

"किती घोडे?" गेलनं चष्म्यावरून बघत विचारलं. पंप निवडायचा तर हा पहिला प्रश्न. हॉर्सपॉवर वगैरे इथं कोणी म्हणत नाही.

"साडेआठशे," कर्ट म्हणाला. मागून कोणीतरी शीळ घातली.

आता व्हर्लिनला स्वतःचा आकडा ठाऊक होता. साडेपाचशे, फार तर. इथं गाडीच्या लायसन्सवर वजन लिहितात; जोलीनच्या लायसन्सवर अजून लग्नाच्या वर्षीचं आहे आणि त्याबद्दल त्यानं आजवर अवाक्षर काढलेलं नाही. बायका आकडा दाबतात, आमचे पुरुष तो फुगवतात, एवढाच काय तो फरक.

"आणि तुझे किती, राजा?"

"नऊशे," व्हर्लिन म्हणाला.

कॉफीचा एक घोट कोणाच्या तरी घशात मोठ्यानं गेला.

"नऊशे," गेलनं परत म्हणून बघितलं.

"थोडे इकडेतिकडे."

"बरं. टाकीत वरून नळी सोडली की काम होईल. कापाकापी नको."

"वरून नळी?" कर्ट हसला. "नऊशे घोड्यांना काय स्ट्रॉनं पाजणार? खालून भोक पाडायला लागतं, व्हर्लिन! की नको?"

"खालूनच," व्हर्लिन म्हणाला. टाकीला भोक पाडायचं म्हणजे ट्रकखाली झोपायचं, हे त्याच्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

गेल मागच्या खोलीत खोकं शोधायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. तेवढ्यात कर्टनं डाव साधला. पुढच्या शनिवारी काउंटी फेअर, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची जत्रा. तिथं रोलरचं यंत्र येतं. ट्रकची मागची चाकं रोलरवर ठेवायची, पट्ट्यांनी बांधायचं, पाय खाली दाबायचा. यंत्र खरे घोडे मोजतं. फळ्यावर एका बाजूला सांगितलेले घोडे, दुसऱ्या बाजूला निघालेले. "आणि ज्याच्या आकड्यांत सगळ्यात मोठी दरी," कर्ट म्हणाला, "तो पोरांच्या पायडल ट्रॅक्टरवर बसून वाळूची गाडी ओढणार. सगळ्यांसमोर. लिहा रे व्हर्लिनचं नाव!"

गेल खोकं घेऊन बाहेर आली. खोकं लहानसं होतं.

"एवढासा?" व्हर्लिन म्हणाला.

"आकारावर काही नसतं, राजा. हे आता मी तुला शिकवायचं?"

काउंटरला टेकलेली माणसं इतकी हसली की कॉफी सांडली.

घरी जोलीननं सगळं ऐकून घेतलं. "मग जा आणि सांग, चुकून बोललो."

"घोडे कोणी चुकून सांगतं का?"

"पंप बदलून घोडे वाढतात का?"

"भरपूर मिळालं की वाढतात."

"तुला वीस वर्षं भरपूर मिळतंय," जोलीन म्हणाली. "वाढलं ते पोट."

पण व्हर्लिनचा आता पंपावर विश्वास बसला होता. (दुसरं काही विश्वास ठेवण्यासारखं उरलंही नव्हतं.) रविवारी चर्चच्या आधी तासभरात काम उरकू म्हणून तो ट्रकखाली शिरला. काटा टाकी रिकामी दाखवत होता. तो काटा गेली चार वर्षं वाट्टेल ते दाखवतो हे अख्ख्या घराला माहीत होतं, पण त्या दिवशी व्हर्लिनला सोयीचं तेवढंच खरं वाटत होतं. त्यानं ड्रिल लावलं. भोक छान पडलं. मग तीस लिटर डिझेल त्याच्या उजव्या बाहीतून शिरून डाव्या पायाच्या मोज्यातून बाहेर आलं.

"जोलीन! भांडं आण! मोठं!"

जोलीननं धावत जे हाताला लागलं ते आणलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की भाजायचं तिच्या आईचं पातेलं. ते कोणाचं आहे हे दोघांना एकदमच कळलं, पण तोवर ते काठोकाठ भरलं होतं.

त्यानं तीनदा आंघोळ केली, एकदा भांड्याच्या साबणानं. तरी चर्चमध्ये पुढचं बाक आधी रिकामं झालं, मग मागचं. पास्टर हात मिळवायला आले, थोडं अलीकडेच थांबले आणि लांबूनच आशीर्वाद देऊन गेले.

पंप मात्र बसला. बुधवारी कॅम्पर जोडून व्हर्लिननं चर्चमागचा चढ घेतला आणि ट्रक एकदाही खोकला नाही. वर पोचल्यावर त्याचे डोळे पाणावले. "बघितलंस? नऊशे!"

जोलीननं फक्त खिडकी खाली केली. वास अजून होता.

शनिवारी फेअरमध्ये आधी कर्ट चढला. सांगितले साडेआठशे, निघाले सहाशे अकरा. गर्दीनं हुर्यो केली, पण कर्ट निवांत होता. त्याला पुढचा दिसत होता.

व्हर्लिननं ट्रक रोलरवर घेतला. पट्टे आवळले गेले. त्यानं पाय खाली दाबला, आणि इंजिन काय गरजलं! धूर नाही, ठसका नाही, एका दमात काटा वर. व्हर्लिन आत बसून ओरडत होता. खाली उतरला तो दोन्ही हात वर करूनच.

फळ्यावर खडू घेऊन गेल उभी होती. तिनं "९००"च्या पुढे शांतपणे लिहिलं, "५३८".

पायडल ट्रॅक्टरवर व्हर्लिनचे गुडघे कानाला लागत होते. मागे वाळूच्या पिशव्यांची गाडी जोडलेली. सगळं गाव तळलेल्या पोर्कचं टेंडरलॉइन सँडविच चघळत ओळीनं उभं राहून बघत होतं. तो दोन मीटर गेला आणि पायडल अडकलं. त्याच्यानंतर दोन वेण्या घातलेली पाच वर्षांची एक मुलगी बसली आणि शेवटच्या रेषेपार निघून गेली. जाता जाता तिनं व्हर्लिनकडे वळून बघितलं, आणि त्या बघण्यात दया होती.

व्हर्लिन लंगडत तडक फळ्यापाशी आला. "गेल, तुझा पंप खराब आहे! मी नऊशेचा मागितला होता!"

"पंप उत्तम आहे," गेल खडू झटकत म्हणाली. "मी तो साडेपाचशेचाच दिला."

"का?"

"पंचवीस वर्षं काउंटरवर उभी आहे, राजा. पुरुषानं घोडे सांगितले की मी मागच्या खोलीत जाते आणि त्याच्या बायकोला फोन करते."

व्हर्लिननं हळूच मागे वळून बघितलं. जोलीन दोन लेमोनेड घेऊन उभी होती.

"तू काय सांगितलंस?"

"पाचशे चाळीस," जोलीन म्हणाली. "तेही उतारावर."