झरीला जाऊन परत

बबिताचा नंबर होता सहाशे बारा, आणि तो पाठीवर लावायचा की पोटावर यावरून पहाटे पाच वाजता घरात चर्चा झाली.

"पोटावर लाव," रामप्रसाद पांघरुणातूनच म्हणाला. "रस्त्यात पडलीस तर लोकांना दिसाया पाहिजे."

"म्हंजी मी पडणार, अन् तीबी उताणी, हे ठरलेलंच हाय तुमचं?"

"मी कुठं काय म्हणलं?" असं म्हणून त्याने कूस बदलली.

त्या रविवारी परभणीत मोठी सायकल फेरी होती. हजारभर लोकांनी नावं दिली होती. बहुतेकांनी शहरातल्या शहरात फिरायची दहा किलोमीटरची फेरी घेतली होती, बबिताने चाळीसची. जिंतूर रस्त्याने झरीच्या फाट्यापर्यंत जायचं, तिथे मनगटावर शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं. अकराच्या आत आलं तर पदक. अकरा वाजून एक मिनिट झालं तर नुसतं केळं.

बबिता चव्वेचाळीस वर्षांची. घरी ब्लाउज शिवायची, आणि लोकांची ब्लाउजं वेळेवर पुरी करून द्यायची. स्वतःचं काही पुरं झालेलं मात्र तिला आठवत नव्हतं. बारावीचा फॉर्म भरला आणि परीक्षेच्या आधी लग्न झालं. लग्नानंतर टायपिंगचा क्लास लावला, तर तिसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. तिला त्याचं दुःख होतं असं नाही, पण अर्धवट उसवलेली शिवण अंगाला टोचत राहते, तसं काहीतरी होतं. म्हणून तिला ते पदक हवं होतं.

सहाला फेरी सुटली. सुरुवात वाईटच झाली. पहिल्याच गतिरोधकावर ती पडली. उताणी नाही, गुडघ्यावर. रामप्रसादची जुनी ट्रॅक पँट तिने नाडी आवळून घातली होती, ती गुडघ्याशी फाटली. पुढे घामाने कुंकू वाहून गेलं. मंगळसूत्र सारखं हँडलवर आपटत होतं, ते तिने टी-शर्टाच्या आत सारलं. समोरच्या वाऱ्याने आणि ट्रकांच्या धुळीने डोळे लाल झाले. पण सव्वाआठला ती झरीच्या फाट्यावर होती आणि मनगटावर निळा शिक्का होता.

आता नुसतं वळायचं होतं. पण झरी हे तिचं माहेर. आईचं घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. तिने फेरीचं माहेरी कुणाला सांगितलं नव्हतं, पदक मिळाल्यावरच सांगायचं ठरवलं होतं. पण आईच्या दारावरून पाणी न पिता गेलो आणि कुणी पाहिलं, तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल, हेही तिला ठाऊक होतं. दोन मिनिटं, उभ्या उभ्या पाणी, असं म्हणत तिने सायकल गल्लीत घातली.

नर्मदाबाई दारात तूर पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: लेक, न सांगता, एकटी, हातात पिशवी नाही, अंगात पुरुषाची विजार, कपाळ मोकळं, गळा मोकळा, डोळे लाल, गुडघ्याला रक्त.

सूप खाली पडलं.

"बबे! काय झालं गं माय?"

"कायी न्हाई आई. पाणी दे लवकर. मला परत जायचंय."

"परत? आता कुठंबी जायचं न्हाई तुला. मी जित्ती हाय अजून."

"आगं, खरंच कायी झालं न्हाई."

"समद्या असंच म्हणतात. मीबी म्हणले व्हते एकदा," नर्मदाबाई म्हणाल्या. "गुडघ्याला काय झालं?"

"पडले."

"पडलीस, का पाडलं?"

एवढ्यात शेजारच्या बायनाबाई भिंतीवरून डोकावल्या, आणि भिंतीवरून नीट दिसत नाही म्हणून दारातून आत आल्या. "अन् ह्यो नंबर कशाचा पोटावर? दवाखान्यातून आली का ठाण्यातून?"

"सायकल फेरीचा हाय, काकू. परभणीहून झरी, झरीहून परभणी."

"कशाला?"

बबिताने पोटावरचा नंबर सरळ केला. बायनाबाईंनी नर्मदाबाईंकडे पाहून हळूच मान हलवली. "डोस्क्यावर परिणाम झाला लेकराच्या."

बबिताचा धाकटा भाऊ गोपाळ धारा काढून आला. त्याने बहिणीकडे पाहिलं, सायकल उचलली, धान्याच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली आईला दिली. आईने ती कमरेला खोचली.

"आरं गोप्या, साडेआठ झाले! अकराला पोचायचंय मला. फाट्यावर जाऊन बघ की, तितं पोरं शिक्का मारायलेत."

गोपाळ गेला आणि पाच मिनिटांत परत आला. "हायत तितं चार पोरं, अर्ध्या चड्डीवर. सामान आवरायलेत. म्हणलं, तुमच्यात बाया हायत का? तर म्हणले, एक व्हती, गेली ती परत."

"ती मीच!"

"ती परत गेली म्हणले आक्का. तू तर हितं बसलीस."

बबिताने मनगटावरचा शिक्का दाखवला. बायनाबाईंनी तो अंगठ्याने पुसून पाहिला आणि "बाजारात बैलाला मारतात तसा हाय," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात चंद्रभानमामांना बोलावणं गेलं. मामांनी आजवर भावकीतली सात भांडणं मिटवली होती, त्यांतली दोन त्यांनी स्वतः लावलेली होती. ते आले आणि कोपऱ्यात काठी ठेवून म्हणाले, "पैले जावयाला फोन लावा. समद्यांना ऐकू येईल असा."

गोपाळने लावला. तीन वेळा वाजून गेल्यावर रामप्रसादचा झोपेतला आवाज आला.

"दाजी, आक्का हितं आलीया झरीला. आमच्या घरी."

पलीकडे पलंग करकरला. मग रामप्रसाद खोल आवाजात म्हणाला, "तिला कुणी सांगितलं?"

बायनाबाईंनी तोंडावर पदर घेतला. नर्मदाबाई मटकन खाली बसल्या. आणि बबिता, जी इतका वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती, तिने पहिल्यांदा फोनकडे पाहिलं.

"काय सांगितलं?" ती म्हणाली. पण फोन बंद झाला होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी रामप्रसाद मोटरसायकलवरून आला. शर्टाची बटणं खालीवर लागली होती. आता राग कितीही असला तरी तो जावई होता. त्यामुळे त्याच्यासाठी खुर्ची आली, खुर्चीवर धुतलेली चादर आली, तांब्याभर पाणी आलं.

"या दाजी, बसा," गोपाळ दात आवळून म्हणाला. "गार पाणी घ्या. चहात साखर बराबर चालती ना? अन् सांगा, आमच्या आक्काला कामून मारलं?"

रामप्रसादला ठसका लागला. "मारलं? मी? हिला? आहो, हिच्यापुढं माझा आवाज निघत न्हाई घरात!"

"मग फोनवर काय म्हणत व्हते, कुणी सांगितलं म्हणून?" मामांनी विचारलं.

रामप्रसादने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग खुर्चीवरच्या चादरीकडे पाहत तो बोलला. "हापिसात पैज लावली व्हती मी. म्हणलं, बबिता अर्ध्यातून माघारी येती. फेरी पुरी करत न्हाई. जो हरंल त्यानं समद्यांना जिलबी."

"एवढंच?" मामा म्हणाले. बायनाबाई तर उघडच हिरमुसल्या.

पण बबिता उठून उभी राहिली होती.

"अर्ध्यातून," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून रामप्रसाद जास्त घाबरला.

"आगं, हसण्यावारी..."

"कुणासंगं लावली पैज?"

"समद्यांसंगं. एका बाजूला मी, अन् दुसऱ्या बाजूला समदं हापिस."

"ते काय म्हणले?"

"ते म्हणले, वहिनी पुरं करतील." त्याने प्रामाणिकपणे भर घातली, "शिपायानंबी तसंच म्हणलं."

आली तेव्हा बबिताचं नवऱ्याशी काहीही भांडण नव्हतं. आता झालं. इतका वेळ समजावून, विनवून, शपथा घालून जे जमलं नव्हतं, ते तिने दोन शब्दांत केलं.

"आई, किल्ली."

नर्मदाबाईंनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि कमरेची किल्ली काढून दिली. पण त्याही आई होत्या. "वटी भरल्याबिगर लेक जाती का कुठं?" म्हणून त्यांनी तांदूळ आणि नारळ आणला. पदर कुठे होता? बबिताने टी-शर्टाचा घेर पुढे धरला आणि सहाशे बाराच्या खाली ओटी भरली गेली. मागोमाग डाळीची पिशवी आली, फडक्यात बांधलेले धपाटे आले, आणि एक लाल भोपळा आला, जो कुणी मागितला नव्हता.

"मी गाडीवर मागं मागं येतो," रामप्रसाद म्हणाला.

"न्हाई," मामा म्हणाले. "समेट झाला की जोडीनं जायाचं असतं. ती सायकलवर, तर तुमीबी सायकलवर. गोपाळची घ्या. तुमची गाडी तो संध्याकाळी आणून घालील."

"समेट झालाय का पण?" रामप्रसादने बबिताकडे पाहत विचारलं. ती तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती.

गोपाळची सायकल दुधाच्या कॅनची, लोखंडाची, म्हशीच्या वजनाची. तिच्यावर नारळ, तांदूळ, डाळ, धपाटे, भोपळा आणि रामप्रसाद निघाले तेव्हा साडेनऊ झाले होते.

बबिता मागे वळून पाहत नव्हती. जाताना तिने पायडल मारले होते. आता ती ते पायाखाली दाबत होती. राग आला की ब्लाउजाची शिवणही तिच्या हातून सरळ आणि झटपट पडायची. सव्वादोन तासांचा रस्ता मागे भराभर पडायला लागला.

"बबिता, जरा हळू!" मधूनमधून मागून येत होतं. "चुकलं म्हणलं की मी!" पुढच्या मैलावर, "दोनदा म्हणलं!"

परभणी चार किलोमीटर राहिली तेव्हा मागे धप्पकन आवाज झाला. तिने ब्रेक दाबला. रामप्रसाद सायकलसकट रस्त्याच्या कडेला बसला होता. भोपळा घरंगळत खड्ड्याकडे चालला होता आणि तो बसल्या बसल्या पायाने त्याला अडवत होता. लागलं नव्हतं, पण उठायचं त्राण दिसत नव्हतं. पावणेअकरा व्हायला आले होते.

बबिताने सायकल अर्धी वळवली. त्याने दोन्ही हात वर केले.

"थांबू नको!" तो ओरडला. "तू थांबलीस तर मी जिंकंन गं! मला जिंकू देऊ नको!"

एक क्षण ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसतच तिने सायकल परत सरळ केली.

परभणीत फेरीच्या मैदानात पोरं चटया गुंडाळत होती. माईकवाला केळं खात होता. सहाशे बारा कमानीखालून गेली तेव्हा अकराला तीन मिनिटं होती. त्याने घाईघाईत केळं गिळून नाव पुकारलं आणि कुणीतरी तिच्या गळ्यात पदक घातलं. बबिता तिथेच कमानीच्या खांबाला टेकली. ती पदकाकडे पाहत नव्हती, नुसतं मुठीत धरून उभी होती.

फोन वाजला. आई होती.

"पोचलीस का?"

"पोचले आई. तीन मिनिटं राखून. पदक भेटलं मला."

"ते ऱ्हाऊ दे. जावई कुठं हायत?"

"यायलेत मागून. चालत."

"बरं." मग नर्मदाबाईंचा आवाज खाली आला. "बबे, आता हितं कुणीच न्हाई. मामा गेले, बायना गेली. मी एकटीच हाय. आता तरी खरं सांग. सकाळी काय झालं व्हतं?"

सकाळपासून पाच वेळा सांगितलेली हकीकत सहाव्यांदा सांगायला बबिताने श्वास घेतला. पलीकडे आई फोन कानाला घट्ट लावून वाट बघत होती. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नसणार, हे बबिताला इथून दिसत होतं.

"भांडण झालं व्हतं, आई," ती म्हणाली. "मिटलं आता."

पलीकडून इतका मोठा सुस्कारा आला की बबिताला फोन कानापासून जरा लांब धरावा लागला.

"बघ!" नर्मदाबाई म्हणाल्या. "तवाच असं सरळ सांगितलं असतंस, तर दोन मिनिटांत पाणी पाजून लावून दिलं असतं. अन् तू आपली आमाला सायकलीच्या गोष्टी सांगत बसलीस."