उंदरांनी तक्रार केली नव्हती

"ते मलम लावायचं तर घरात राहायचं नाही, असं स्पष्ट सांगितलंय मी यांना!" काकूंनी फोनवर ठणकावलं. "मेलेला मासा परवडला!"

ताईंनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. सकाळपासून प्रत्येक घरातून हेच.

झालं असं होतं की हॉस्पिटलमागच्या प्रयोगशाळेत सरांनी न भरणाऱ्या जखमांवर मलम शोधलं. उंदरांच्या जखमा झकास भरल्या. मग माणसांवर चाचणी सुरू झाली. सर शोध लावून मोकळे. पेशंट जमवायचे, टिकवायचे, हे निस्तरायचं ताईंनी. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. पेशंट गळालेले दिसले की चाचणी बंद.

आणि काकांचं काय? काका म्हणजे फोनवरच्या काकूंचे मिस्टर, रिटायर्ड बस ड्रायव्हर. शुगरमुळे पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. एका पायात बूट, एका पायात चप्पल. सर्जननी सांगून टाकलं होतं, आता नाही भरली तर अंगठा काढू.

"ब्रेकचा पाय आहे हो तो," काका तेव्हा एवढंच म्हणाले होते.

ताई तणतणत सरांकडे गेल्या. "सर, तो वास घालवा!"

"वास गेला की औषधही गेलं. आणि उंदरांनी कधी तक्रार केली नाही."

"उंदरांच्या बायका मला फोन करत नाहीत! मग अत्तर तरी घाला."

"काहीही घातलं की परवानग्या पुन्हा पहिल्यापासून."

"बरं, निम्म्या लोकांना तर तुलनेसाठी खोटं मलम दिलंय ना? ते तरी घरात राहतील."

सर अभिमानाने हसले. "खोट्यालाही तोच वास आहे. फार मेहनतीने जमवलाय. नाहीतर पेशंटला कळेल ना, खरं कुणाला मिळालं ते!"

"म्हणजे निम्मे लोक फुकट घाण वास मारतायत?"

"विज्ञानासाठी."

ताईंनी मनातल्या मनात काय म्हटलं ते इथे नको. पण त्यांनी डोकं चालवलं. तळमजल्यावरची जुनी स्टोअररूम झाडून घेतली, खुर्च्या टाकल्या, पत्त्यांचा कॅट ठेवला. रोज या, मलम लावा, वास उतरेपर्यंत बसा, मग घरी जा.

लोक आले. सगळ्यांनाच वास, त्यामुळे कुणालाच वास नाही. काका आणि एक जाडा टेलर यांची तर भिडूची जोडीच जमली.

"अहो टेलर, हुकूम होता ना तुमच्याकडे!"

"विसरलो हो. नाकाबरोबर डोकंही बधिर झालंय."

फक्त एक गोष्ट ताईंच्या लक्षात आली नव्हती. स्टोअररूमची हवेची झडप वर थेट हॉस्पिटलच्या बड्या साहेबांच्या केबिनमध्ये उघडत होती. साहेबांना वाटलं, भिंतीत काहीतरी मेलंय. त्यांनी ताबडतोब प्लंबर लावला. प्लंबरने भिंत फोडली. मेलेलं काही मिळालं नाही. पाइप मात्र मिळाला, आणि तोही फुटला.

तो दिवस शुक्रवार होता, हे वेगळं सांगायला नकोच.

समितीच्या मॅडम नाकाला रुमाल लावून स्टोअररूमच्या दारात उभ्या. वरून झिरपून आत घोटाभर पाणी. डाव रंगात आला होता म्हणून कुणी उठलं नव्हतं. सगळ्यांनी पाय तेवढे टेबलावर घेतले होते.

"इथे उंदीर मेलाय," मॅडम म्हणाल्या.

"आमचा एकही उंदीर मेला नाही, मॅडम!" सर दुखावले. "सगळे बरे झाले!"

ताईंनी डोळे मिटले. संपलं सगळं.

पण मॅडम टेबलाकडे बघत होत्या. समोर ओळीने पाय मांडलेले. काही जखमा तशाच. काही चक्क भरत आलेल्या.

"गैरहजर किती?"

"कुणीच नाही," ताई म्हणाल्या.

"पाण्यातसुद्धा उठले नाहीत? असे पेशंट मी आजवर पाहिले नाहीत." मॅडमनी रुमाल खाली घेतला, पश्चात्ताप झाला, परत लावला. "चालू ठेवा."

चाचणी पूर्ण झाली. खरं कुणाचं, खोटं कुणाचं ते उघड झालं, आणि सरांनी प्रयोगशाळेत चक्क उडी मारली. खऱ्या मलमाच्या बहुतेक जखमा भरल्या होत्या. काकांचीही. काका दोन्ही पायांत बूट घालून आले आणि खोलीभर उगाचच टाचा वाजवत फिरले.

टेलरचं मलम खोटं निघालं. "म्हणजे मी एवढे दिवस फुकट वास मारला?"

"विज्ञानासाठी," ताई म्हणाल्या. "आता तुम्हाला खरं मिळेल."

"वास?"

"तोच."

"मग रोज इथेच यायला लागेल," टेलर उगाच सुस्कारा टाकत म्हणाला आणि पत्ते पिसून वाटायला लागला.

काका समोर टेकले. "मी आहे सोबतीला. घरी सांगितलंय, कोर्स वाढलाय."

"वाढलाय होय?" दारातून आवाज आला.

काकू! काकांच्या हातातली पानं गळाली. काकूंनी पदराने नाक दाबलं, काकांच्या बुटांकडे बराच वेळ बघितलं, डोळे पुसले. मग खुर्ची ओढली.

"सरका तिकडे. मलाही वाटा."