तिसरं पाऊल

रंगनाथराव शेळक्यांना माझा चेहरा लक्षात राहायला सहा महिने लागले. चप्पल त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखली. जमीनमोजणीच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. "जोशी, डावी टाच लई घासायली तुमची," हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं.

माणूस मूळचा देवगाव रंगारीचा, घरची शेती. औरंगाबादेत नोकरीला आले आणि संध्याकाळी बास्केटबॉलचे पंच झाले. त्यांना मैदानावर धक्काबुक्की दिसत नसे, दिसत ती फक्त पावलं. चेंडू हातात धरला की दोनच पावलं. तिसरं टाकलं की ट्रॅव्हलिंग. लगेच शिट्टी, आणि छातीपुढे दोन्ही मुठी रहाटासारख्या गरगर. ती खूण त्यांच्या हातांत इतकी भिनली होती, की गुलमंडीवर बायकोबरोबर कापड घेताना कुणा गिऱ्हाइकाची लगबग पाहून त्यांनी मुठी फिरवल्या आणि कापडवाल्यानं 'गुंडाळा' असं समजून समोर उलगडलेला तागा मुकाट्यानं गुंडाळून ठेवला. वहिनींचं कापड त्या दिवशी राहिलंच.

कीर्तनात वामनानं बळीच्या डोक्यावर पाय ठेवला, तेव्हाही मुठी फिरल्या. "तिसरं पाऊल हाय, जोशी," ते माझ्या कानाशी लागून म्हणाले. "चांगला पंच असता तर बळीराजा वाचला असता."

शिट्टीला नातं नसतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांना एकदा फार महागात पडलं.

मुलींचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जायचा होता. नेमलेले पंच ऐनवेळी आले नाहीत, म्हणून आयोजकांनी शेळक्यांना उभं केलं. एका संघाची कप्तान होती त्यांचीच मुलगी, शैला. बापच पंच म्हटल्यावर समोरच्या मुलींच्या पालकांत कुजबूज सुरू झाली. मी गुण लिहायला टेबलावर होतो, मलाही ती ऐकू येत होती. शेवटच्या काही सेकंदांत शैलाचा संघ एका गुणानं मागे होता. तिनं धावता धावता चेंडू झेलला, उडी मारली, आणि चेंडू जाळीतून खाली आला.

शिट्टी वाजली. मुठी फिरल्या. बास्केट रद्द झालं.

शैलानं पुन्हा चेंडूला हात लावला नाही. बापाशी बोलणंही जेवणाखाणापुरतं उरलं. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही म्हणून लोकांनी शेळक्यांना डोक्यावर घेतलं. ती गोष्ट चारचौघांत रंगवून सांगणाऱ्यांत मी पहिला होतो.

बारा वर्षांनी शैला माहेरी आली असताना मी त्यांच्याकडे चहाला गेलो. अंगणातल्या फरशीवर खडूनं तीन पावलं काढलेली होती. वहिनी म्हणाल्या, निवृत्त झाल्यापासून रोज काढतात आणि रोज पुसतात. त्या दिवशी मात्र शेळक्यांनी शैलाला बाहेर बोलावलं आणि पहिल्या पावलावर बोट ठेवलं.

"चेंडू हातात आला, तवा तुझा हा पाय जमिनीवरून सुटला होता. सुटलेला पाय मोजत नसत्यात. मी मोजला."

"चुकलं असंल, अण्णा. लई वर्षं झाली त्याला."

"चुकलं नाय. मला दिसला होता. बापानं पोरीला सोडलं म्हणतील, त्याचं भ्या वाटलं. दुसऱ्याची पोर असती तर शिट्टी वाजली नसती."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. इतकी वर्षं मी ज्याचं कौतुक सांगत फिरलो, ते हे होतं. मला माझीच लाज वाटली.

शैलानं पदर खोचला, ओट्यावरचा कोबीचा गड्डा उचलला आणि चार पावलं मागे गेली. धावत आली, गड्डा वर उडवून झेलला, पहिलं पाऊल ओलांडलं, पुढची दोन टाकली आणि उडी मारली. गड्डा घरंगळत माझ्या पायाशी आला.

शेळक्यांनी तिच्या पायांकडे बघितलंच नाही. ते सारा वेळ तिच्या तोंडाकडे बघत होते. शैला हसत होती. त्यांनी हात उंच केला आणि दोन बोटं खाली आणली. बास्केट ग्राह्य धरल्याची ती खूण.

"लिहा, जोशी," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

मी खाली वाकलो, खडू घेतला आणि फरशीवर शैलाचं नाव आणि त्यापुढे दोन गुण लिहिले.