सुपडूनानांच्या टिकल्या

सुपडूनाना माणसाची ओळख नावाने करून देत नसत. "हा साक्रीचा, सात टिकल्या. ती यावलची, दोनच." समोरचा माणूस गोंधळून कपाळ चाचपून बघे.

धुळ्याला आमच्या तापाच्या सरकारी प्रयोगशाळेत नाना तंत्रज्ञ होते. मी बी.एस्सी. होऊन तिथे लागलो. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी; पण पिपेट धरायला मला शिकवले ते दहावी नापास नानांनी. ते उपकार मी विसरलेलो नाही.

काम असे. रोग्याच्या रक्तावरचे पाणी पातळ करत करत ताटलीच्या खळग्यांत ओळीने घालायचे, त्यात तापाचा विषाणू आणि शेवटी हंसाचे रक्त. प्रतिपिंडे पुरतात तिथपर्यंत तळाला लाल टिकली जमते, पुढे नुसती लाली पसरते. "पुसट दिसनी तं नही म्हनानं," हा नानांचा नियम.

हंस मागच्या अंगणात असे. त्याला नानांनी आबा हे नाव दिले होते. सुई टोचण्याआधी ते हात जोडत, "आबा, माफी शे." आबा दरवेळी चावत.

मरता मरता वाचलेल्यांच्या टिकल्या जास्त भरत. दोन दिवस कण्हून कामाला लागलेल्यांच्या कमी, आणि त्या लवकर उतरत. "हलका ताप रंगत विसरी जास," नाना म्हणत; रंगत म्हणजे रक्त.

पण हे कळायला पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा रक्त लागे. त्यासाठी नाना बर्फाचा थर्मास घेऊन एस.टी.ने गावोगाव फिरत. नरडाण्याजवळ एका म्हातारीने त्यांना दारातच अडवले.

"पहिलं रंगत पी टाकं का रे?"

"नही अक्का, चाखी पाह्यं. मीठ कमी शे."

म्हातारी हसली आणि हात पुढे केला.

रजिस्टरमध्ये दुसऱ्या रक्ताचा रकाना कोरा राहिला, म्हणजे बहुतेक रोगी गेलेला असे. त्या रकान्यावर नाना क्षणभर बोट ठेवत आणि पान उलटत.

दरवर्षी पोळ्यानंतर ताटलीच्या शेवटच्या ओळीत एक बिननंबरी नमुना असे. चौथ्या वर्षी मी विचारले, "नाना, हे कोणाचं?"

"मनं शे."

मी नोकरीला लागलो त्याच्या आदल्या वर्षी बापलेकीला एकाच आठवड्यात ताप आला होता. नानांना दोन दिवस. त्यांनी रजासुद्धा घेतली नाही. मंगल नऊ वर्षांची होती. तिचा दुसरा रकाना कोरा.

"ताप दोन्हीसले एकच व्हता," नाना म्हणाले. "तिनं बठ्ठं गयं. मना रंगतमा जितलं शे तितलंच ऱ्हायनं." पहिल्या वर्षी चार टिकल्या होत्या. मग तीन, दोन, एक. "यंदा तू वाच. मना डोयास्वर भरोसा नही."

मी वाकलो. पहिल्याच खळग्यात कडा विस्कटलेली, फिकी लाली होती.

"एक," मी म्हणालो.

नाना स्वतः वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"मी तुले काय शिकाडं?"

त्यांनी रजिस्टर ओढून शून्य लिहिले, नेहमीसारखे गोल, रेखीव. मग थर्मासमध्ये बर्फ भरला. यावलला एक मुलगी तापातून उठली होती. तिचे दुसरे रक्त आणायचे होते.